जांभळीखालचा इसम

आमच्या शेजारचे गेनू तात्या हातात आलेली कुठलीही वस्तू आधी उन्हात धरून बघतात. नोट धरतात ते ठीक, नोट सगळेच धरतात. तात्या लग्नाची पत्रिका धरतात, औषधाची गोळी धरतात, दुधाची पिशवी धरतात. एकदा पूजेच्या प्रसादाचा द्रोण धरला होता, शिरा त्यांच्याच डोक्यावर पडला.

मी बी.ए. झाले तेव्हा आईनं सगळ्या आळीत पेढे वाटले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं मी पहिलं माणूस. तात्यांनी पेढा खिशात ठेवला आणि प्रमाणपत्र मागितलं. अंगणात नेऊन सूर्यासमोर धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"सही छापील हाय. ह्यात गोम हाय, सुमे."

"तात्या, सगळ्यांच्याच प्रमाणपत्रावर छापील सही असते."

"मंग सगळ्यांचीच चौकशी कराय पाहिजे."

पेढा त्यांनी दुसऱ्या दिवशी खाल्ला. तोवर आम्ही कोणी आजारी पडलो नव्हतो.

'गोम हाय' हे तात्यांचं पेटंट वाक्य. आमच्या पिंपरी पेंढार गावात त्यांना पंचनामा तात्या म्हणतात. समोर म्हणत नाहीत, कारण मग कोणी म्हटलं, कधी म्हटलं, त्या वेळी हजर कोण होतं, याची चौकशी सुरू होते. एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं की तात्या शेजारच्याचं तिकीट मागून ताडून बघतात. डेअरीत दुधाला फॅट जास्त लागली तरी भांडतात. "कमी लागली तर समजू शकतो. जास्त कशी लागली? आज जास्त देऊन उद्या कशात कापणार, ते सांगा!"

आमच्याकडं बिबटे फार. उसात पिल्लं सापडतात, रात्री कुत्री नाहीशी होतात. एकदा वनखात्याच्या लोकांनी बिबट्याची वाट समजावी म्हणून तात्यांच्या बांधावर झाडाला कॅमेरा बांधला. आठवड्यानं फोटो काढून बघितले, तर बिबट्या कुठंच नाही. सगळ्या फोटोंत तात्या. समोरून तात्या, खालून तात्या, एकात तर नुसताच तात्यांचा डोळा.

"बिबट्याचं नाव पुढं करत्यात," तात्या म्हणाले. "मी इहिरीवरली मोटार किती येळ चालवतो ते बघाय बसवलाय."

वनरक्षक हात जोडून म्हणाला, "तात्या, बिबट्या आला असंल, पण तुमाला बघून माघारी गेला असंल."

जुनी माणसं सांगतात, तात्या पहिले असे नव्हते. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना ताप आला तेव्हा सगळे म्हणाले, साधा ताप आहे. तात्यांनीही तेच धरलं. काकू त्यातच गेल्या. तेव्हापासून तात्यांना जगातली कुठलीच गोष्ट साधी वाटत नाही. मागं राहिली लेक नंदा, माझ्याहून थोडी मोठी. तिला तात्यांनी एकट्यानं वाढवलं. तिच्या वेण्यासुद्धा तेच घालायचे, इतक्या घट्ट की नंदाच्या भुवया शाळा सुटेपर्यंत वर ओढलेल्या असायच्या.

नंदाचं लग्न शिनोलीच्या मुलाशी ठरलं. घोडेगावहून भीमाशंकरकडं जाताना लागतं ते शिनोली. मुलगा चांगला, भातशेती, घर रस्त्याला लागून. मांडव पडला, अंतरपाट धरायची वेळ झाली, आणि तात्यांनी नवरदेवाकडचं मंगळसूत्र बघायला म्हणून हातात घेतलं. उन्हात धरलं. मग कोणाला काही कळायच्या आत एका पाव्हण्याच्या मोटारसायकलवर बसून जुन्नरला सोनाराकडं गेले.

मुहूर्त टळला. भटजी घड्याळ बघून दमले. वऱ्हाड जेवणाची पानं अडवून बसलं. नवरदेवाची आई खुर्चीत बसून नुसती पदराचं टोक पिळत होती. बऱ्याच वेळानं तात्या परत आले ते हसतच. थेट माईक हातात घेतला आणि लाऊडस्पीकरवरून साऱ्या गावाला सांगितलं, "सोनं चोख हाय! चालू द्या मंगलाष्टका!"

नंदा पाठवणीला रडली नाही. गाडीत बसताना काचेतून एवढंच म्हणाली, "तात्या, आता माझ्या सासरी चौकशीला येऊ नका." आणि काच वर केली. त्यानंतर ती माहेरी आली नाही. दिवाळीला नाही, पंचमीला नाही. तात्यांनी कधी तिचं नाव काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या नजरेत आली होती. आठवड्यातून एकदा तात्या धुतलेली टोपी घालून, भरलेली पिशवी घेऊन सकाळच्या एसटीनं कुठंतरी जायचे आणि दिवस मावळताना यायचे. "कुठं गेलता?" विचारलं की "कामाय." कोणी म्हणायचं कोर्टात दावा टाकलाय, पिशवीत कागदपत्रं असतात. कोणी म्हणायचं या वयात दुसरं घर केलंय. साऱ्या गावाची चौकशी करणाऱ्या माणसाची चौकशी करायला मिळाली म्हणून गाव खूश होतं.

आता प्रदर्शनाकडं येते.

मी जुन्नरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. माझ्या पगारातून स्कूटी घेतली आहे, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजात मृदुलाताई नावाच्या पुण्याच्या चित्रकार आल्या. त्या आणि त्यांचे सोबती शिनोलीजवळच्या एका ओढ्यात काम करत होते. काम म्हणजे काय, तर ओढ्यातलेच दगड, माती, कारवीच्या काठ्या आणि वाळलेलं गवत घेऊन वळणावळणाची मोठी नक्षी रचायची. पाणी तिच्यातून अडखळत, मुरत जाणार. पावसाळ्यात ती हळूहळू वाहून जाणार, पुढल्या वर्षी गावकऱ्यांनी आणि कलाकारांनी मिळून पुन्हा रचायची. याला पर्यावरण कला म्हणतात. या कामाला पैसा उभा राहावा म्हणून ओळखीच्या चित्रकारांनी आपली चित्रं दिली होती. जुन्नरच्या एका मंगल कार्यालयात ती मांडून विकायची, आलेला सगळा पैसा ओढ्यातल्या कामाला. लग्नसराई नव्हती म्हणून हॉल मिळाला. मदतनीस म्हणून मला बोलावलं.

खरं सांगायचं तर माझाही चटकन विश्वास बसला नव्हता. पुण्याची माणसं आमच्या डोंगरात येऊन उन्हातान्हात दगड रचतात, तेही वाहून जाण्यासाठी. आमच्याकडं बाहेरचा माणूस टेप घेऊन उतरला की आधी जमीन जाते, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. पण मी जाऊन ओढा बघून आले. बघितलेल्यावर मी विश्वास ठेवते.

तात्यांना हे सगळं मी घरी बोलता बोलता सांगितलं. ही माझी चूक.

"चित्रं इकायची जुन्नरात?"

"हो."

"पैसा जाणार डोंगरात?"

"हो तात्या."

"पावतीवर सही कोण करणार, डोंगर?"

"अहो, त्यांची संस्था आहे."

"आन् जे बांधलं ते पावसात वाहून जाणार. म्हंजी पुरावाच ठेवायचा न्हाई!" तात्यांच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक उमटलं. "लई डोकेबाज माणसं हायेत, सुमे. पूल वाहून गेला तर निदान चौकशी तरी लागती. हितं वाहून जायचंय असं आधीच सांगून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी तात्या जुन्नरला हजर. पायातल्या वहाणा दाराबाहेर काढल्या, मग कोणी नेतील म्हणून परत आत आणून काखेत धरल्या, आणि प्रत्येक चित्रासमोर पंचनाम्याला उभं राहिल्यासारखे उभे राहिले. एका चित्रात नुसता निळा रंग होता. तात्यांनी फ्रेमच्या मागं डोकावून बघितलं. भाताच्या खाचरांच्या चित्रासमोर म्हणाले, "बांध कुणाचा सरकवलाय हा?" चहा दिला तर म्हणाले, "फुकट का?"

मग ते एका चित्रासमोर थांबले ते थांबलेच. चित्र मृदुलाताईंचं होतं. रस्त्याच्या कडेला जांभळीचं मोठं झाड, पलीकडं कौलारू घर, झाडाखाली बुंध्याला टेकून पाठमोरा बसलेला एक म्हातारा. टोपी, एक कान, गालाचा थोडा भाग, मांडीवर पिशवी. तात्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"ह्यो इसम कोण?"

"कोणीतरी म्हातारबाबा असतील. एसटीची वाट बघत बसलेत."

"एसटीची वाट बघणारा रस्त्याकडं तोंड करून बसतो. ह्याचं तोंड घराकडं हाय." तात्यांनी डोळे बारीक केले. "टेहळणी चाललीय. मला हा माणूस बरा वाटत न्हाई."

त्या दिवसापासून तात्या रोज येऊ लागले. त्याच चित्रासमोर खुर्ची ओढून बसायचे. आणि त्या दिवसापासूनच आमच्या प्रदर्शनात चोरी सुरू झाली.

चोरी चित्रांची नाही. चित्र विकलं गेलं की त्याच्या कोपऱ्याखाली लाल गोल टिकली चिकटवतात, म्हणजे दुसऱ्या कोणी मागू नये. या टिकल्या माझ्या ताब्यात होत्या. सकाळी लावलेली टिकली दुपारी गायब व्हायला लागली. आधी मला वाटलं डिंक खराब. मग चहावाल्याचा संशय आला, मग हॉल झाडणाऱ्या मावशींचा. मावशींनी मला चांगलंच सुनावलं. "तुज्या टिकल्या मी कपाळाला लावू का काय?"

शेवटच्या दिवशी व्हायचं ते झालं. नारायणगावच्या एका डॉक्टरीणबाईंना जांभळीचं चित्र आवडलं. टिकली नव्हती, म्हणून मी त्यांना विकून टाकलं. पहिल्या दिवशी सकाळी चित्रं लावून ओढ्यावर गेलेल्या मृदुलाताई नेमक्या तेव्हाच परतल्या होत्या, त्या धावत आल्या. "अगं सुमन, ते पहिल्याच दिवशी विकलंय! मी स्वतः टिकली लावली होती. शिनोलीच्या एक बाई आहेत, त्या आज दुपारी न्यायला येणारेत." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी पैसे दिलेत, मी सोडणार नाही." सगळे माझ्याकडं बघायला लागले. चार बुकं शिकून बाईला टिकल्या सांभाळता येईनात, असा तो भाव होता. मी जांभळीच्या चित्राला नवी टिकली लावली आणि हॉलच्या पडद्याआड जाऊन उभी राहिले. रडायला नाही, पाळतीला.

टिकलीपाशी कोण येतंय ते दिसलंच. तात्यांनी इकडंतिकडं बघितलं, अंगठा जिभेला लावला आणि टिकली अलगद सोलून काढली.

"तात्या!"

ते दचकले. लाल टिकली अंगठ्यावरच होती.

"तुम्ही? अहो माझी नोकरी घालवाल! का काढलीत?"

तात्यांनी अंगठा मुठीत लपवला. मग म्हणाले, "हमरस्ता रुंद केला तवा माझ्या चिंचांना असाच लाल ठिपका दिलता. मी इचारलं, कशाला? म्हणले, काई न्हाई, नुसती मोजणी हाय. आठवड्यात करवत आली." त्यांनी चित्राकडं बोट केलं. "हे झाड तोडू देऊ नको, सुमे. बाकीच्या झाडांच्या चित्रांचे ठिपके पण काढले मी. पण हे तर अजिबात नको."

मला हसू आलं आणि मग येईना. तात्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी 'गोम हाय' म्हटलं नव्हतं.

"तात्या, हा ठिपका झाड तोडायचा नाही. चित्र विकलं गेल्याची खूण आहे. पण हेच झाड का?"

तेवढ्यात मृदुलाताई आल्या आणि तात्यांना बघून एकदम खुलल्या. "अहो बाबा, तुम्ही! तुम्ही इथं कसे?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सुमन, हेच ते. चित्रातले बाबा. आम्ही ओढ्यात काम करायचो ना, तेव्हा दर आठवड्याला त्या जांभळीखाली येऊन बसायचे. कोणाशी बोलायचे नाहीत. संध्याकाळी जाताना पिशवीतली कणसं, नाहीतर काकड्या आम्हाला देऊन टाकायचे. माघारी न्यायची नाही म्हणायचे."

मी चित्राकडं बघितलं. तात्यांनीही बघितलं. बराच वेळ बघितलं. टोपी, कान, गाल, सगळं तपासलं.

"मी असा दिसतो मागनं?" ते म्हणाले.

पलीकडच्या कौलारू घराचं मी काही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. दुसरं घर कुठलं होतं ते गावाला कळलं असतं तर गावानंच तोंड लपवलं असतं. आणि ती पिशवी. आमच्याकडं शेतात पहिला तोडा निघाला की त्यातला वानवळा आधी लेकीच्या घरी जातो. मका असो, गवार असो, चार काकड्या का असेनात. लेकीच्या दारात बाप रिकाम्या हातानं जात नाही. तात्या वानवळा घेऊन जात होते, झाडाखाली बसत होते, आणि रस्ता ओलांडत नव्हते.

"चित्र घेतलंय कुणी पण?" तात्यांनी विचारलं.

मृदुलाताई सांगणार तोच दारातून नंदा आत आली. अंगानं भरली होती, खांद्यावर पर्स, पायाला ओढ्याकाठची माती. तिनं आधी चित्र बघितलं, मग त्याच्याजवळ उभे असलेले तात्या. जागच्या जागी थांबली. मी पुढं होऊन काहीतरी बोलणार होते. पण बी.ए.ला हे शिकवलेलं नव्हतं.

"ह्याच त्या," मृदुलाताई हळूच म्हणाल्या. "आम्ही यांच्याच ओसरीवर जेवायचो. चित्र वाळत ठेवलं होतं तिथंच यांनी बघितलं. मी तसंच देत होते, पण म्हणाल्या, फुकट नको, ओढ्याला पैसे लागतात."

तात्या वहाणा काखेतून काढून पायात घालायला लागले. एक उलटी गेली.

"निघतो मी. एसटी हाय."

"थांबा," नंदा म्हणाली. "इतकी वर्षं खिडकीतून बघतीय मी तुमाला. दर आठवड्याला. सासूबाई म्हणायच्या, तुजे वडील बसलेत बघ. मी म्हणायचे, चौकशीला आलेत, दार लावून घ्या. लांबनं पिशवी दिसायची. मला वाटायचं, कागदं असतील. काय काय लिहून घेत असतील माज्या घराचं."

तात्या खाली बघत होते.

"मग ह्या ताईंचं चित्र बघितलं. त्या तुमच्या शेजारी बसून काढत हुत्या, त्यांना जवळनं दिसलं." नंदानं चित्रातल्या पिशवीवर बोट ठेवलं. मी तोवर नीट बघितलंच नव्हतं. पिशवीतून मक्याच्या कणसांचे हिरवे शेंडे बाहेर आलेले होते. "वानवळा घेऊन कुणी चौकशीला येतं का, तात्या?"

डॉक्टरीणबाईंनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि कुजबुजल्या, "मला ते भाताच्या खाचरांचं द्या. हे राहू दे."

तात्यांनी चष्मा पुसला. चित्राच्या अगदी जवळ गेले, कणसांपाशी नाक नेलं.

"कोवळी व्हती," ते म्हणाले. "ह्या बाईनं जून दाखवलीत. अशी जून कणसं आणीन का मी?"

नंदा हसली आणि त्याच वेळी तिनं पदर डोळ्याला लावला. "घरी चला. किती दिवस रस्त्याच्या अलीकडं बसणार?"

चित्र कागदात गुंडाळून मी दोघांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. घोडेगावची गाडी लागलेली होती. नंदा चढली, चित्र मांडीवर घेऊन खिडकीत बसली. तात्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं.

"काय झालं तात्या?"

"हात रिकामे हायेत की." आणि मला काही बोलू न देता ते बाजाराच्या गल्लीत निघून गेले, एका पायातली वहाण अजून उलटीच.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कंडक्टरनं दोरीला हात घातला. नंदा उठून दारात येऊन उभी राहिली, एक पाय पायरीवर, एक आत.

"कंडक्टर भाऊ, जरा थांबा," ती म्हणाली. "माझे वडील यायचेत."